सामाईक म्हणजे किती? निस्क्वाली नदीवरचे मासे, एक तह आणि एक खटला

(व्याख्यानाचं शब्दांकन. वाचताना अडू नये एवढ्यापुरतीच वाक्यं नीट केली आहेत. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सुरुवात रावसापासून करतो, म्हणजे एक घोळ आधीच मिटेल. मुंबईतल्या हॉटेलांत मेनूकार्डावर रावसापुढे 'इंडियन सॅमन' असं छापलेलं असतं. रावस उत्तम मासा आहे, माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. पण सॅमनशी त्याचं काही नातं नाही. सॅमन ट्राउटच्या कुळातला. तो नदीत, थंड पाण्याखालच्या खडीत, अंड्यातून बाहेर पडतो, समुद्रात जातो, तिथे काही वर्षं खाऊनपिऊन वाढतो आणि मग शरद ऋतूत, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपासून पुढे, जिथे जन्मला त्याच नदीत परत येतो. वासावरून येतो. प्रवाहाच्या उलट चढत जातो, अंडी घालतो आणि पॅसिफिक किनाऱ्यावरच्या त्याच्या बहुतेक जाती तिथेच मरतात. आजचं सगळं भाषण या एका सवयीवर उभं आहे. मासा परत येतो, ठरलेल्या वेळी येतो, ठरलेल्या जागी येतो. त्यामुळे त्याची वाट बघत बसता येतं. आणि वाट बघणारे एकापेक्षा जास्त असले, की भांडण होतं.

माझा भाचा अमेरिकेत सिएटलजवळ राहतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं त्या भागात असतील, रेडमंड, बेलव्ह्यू ही नावं आता आपल्याला डोंबिवलीइतकी सवयीची झाली आहेत. (हशा) मी तिकडे गेलो तेव्हा ऑक्टोबर होता, आणि भाच्याला गळाचा नाद लागला होता. एका शनिवारी पहाटे आम्ही निस्क्वाली नदीवर गेलो. ही नदी माउंट रेनियर नावाच्या बर्फाच्या डोंगरावरून, हिमनदीतून निघते आणि सुमारे १३० किलोमीटर वाहून प्युजेट साउंड या समुद्राच्या आत घुसलेल्या फाट्याला मिळते. पाणी दुधात राख कालवल्यासारखं. धुकं. अंगावर तीन कपडे असूनही मी कुडकुडत होतो, आणि भाचा कमरेइतक्या पाण्यात उभा. दुपारपर्यंत त्याला एक मासा लागला. त्याने तो पाण्यातच धरून पाठीवर, शेपटीच्या जरा पुढे बोट फिरवलं आणि म्हणाला, "मामा, हा सोडायला लागणार." तिकडे हॅचरीत वाढवलेल्या पिल्लांचा तिथला एक छोटा मांसल पर कापून मग त्यांना नदीत सोडतात. पर शाबूत असेल तर मासा जंगली, म्हणजे नदीतच आपसूक जन्मलेला. तो त्या दिवशीच्या नियमाप्रमाणे ठेवायचा नव्हता. सोडला.

परत येताना नदीच्या मुखाकडे आम्हाला जाळी लावलेली दिसली. सरळ नदीत आडवी, वर फ्लोटची माळ. होडीतून दोघं जण ती ओढून मासे काढत होते. आमच्या शेजारी उभा असलेला एक स्थानिक गोरा गृहस्थ, तोही गळवालाच, जरा कडवटपणे म्हणाला, की बघा, आम्हाला परवाना, एक गळ, दिवसाला मोजून मासे. आणि त्यांना जाळी. हे कसले समान हक्क?

गाडीत बसल्यावर भाच्याने मला तोच प्रश्न केला. तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. आल्यावर मी वाचायला लागलो, आणि आजचं हे भाषण म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

ती जाळी होती निस्क्वाली जमातीच्या लोकांची. आता शब्दाची एक अडचण. तहांमध्ये, कायद्यांत, निकालांत या लोकांना 'इंडियन' म्हटलं आहे, आणि त्यांच्यातले कित्येक जण स्वतःही तोच शब्द वापरतात. मी कागदपत्रांच्या संदर्भात तोच वापरणार आहे. आपण बसलोय तो इंडिया वेगळा, एवढं मनात धरा.

तर तह. आपण शाळेत पुरंदरचा तह, सालबाईचा तह, वसईचा तह पाठ केलेत. किल्ले किती दिले, मुलूख कुठला, खंडणी किती. तहात माशांचं कलम असू शकतं, असं आपल्या डोक्यातही येत नाही. १८५४ च्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला, निस्क्वालीच्या मुखाजवळ मेडिसिन क्रीक नावाच्या ओहोळाकाठी एक तह झाला, आणि त्यातलं माशांचं कलम आजही जिवंत आहे.

एका बाजूला वॉशिंग्टन टेरिटरीचा गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स. वय ३६, लष्करी इंजिनिअर, प्रचंड घाईत असलेला माणूस. टेरिटरी म्हणजे अजून राज्य नाही. राज्य व्हायला १८८९ उजाडलं. गोऱ्या वसाहतवाल्यांनी जमिनी धरायला सुरुवात केली होती, आणि मूळ मालकांकडून त्या कागदोपत्री घ्यायच्या राहिल्या होत्या. काम उलट्या क्रमाने चाललं होतं. दुसऱ्या बाजूला निस्क्वाली, पुयालप, स्क्वाक्सिन आणि आसपासच्या लहान गावांचे लोक. पावसाचे, थंडीचे दिवस.

बोलणं कुठल्या भाषेत झालं? हे नीट ऐका. स्टीव्हन्स इंग्रजीत बोलायचा. त्याचं भाषांतर दुभाष्या चिनूक जार्गनमध्ये करायचा. चिनूक जार्गन ही व्यापाऱ्यांची बोली, काही शे शब्दांची. कातडी किती, घोंगडी किती, उद्या ये, मासा दे, एवढं त्यात छान बोलता येतं. सार्वभौमत्व, मालकी, कायमचा त्याग, हे त्यात कसं बोलणार? तिथून मग ते लोकांच्या आपापल्या भाषेत जायचं. आपल्याकडे बाजारात परप्रांतीयाशी जे मोडकंतोडकं बोलतो, त्या भाषेत खरेदीखत करायचं, तसं झालं हे.

आणि खरेदीखत होतं केवढं? सुमारे २२ लाख एकर जमीन त्या लोकांनी सोडली. बदल्यात ३२,५०० डॉलर, तेही एकरकमी नाही, २० वर्षांत हप्त्याहप्त्याने. आणि राहायला तीन छोट्या राखीव जागा. निस्क्वालींना मिळाली १,२८० एकरांची, नदीपासून दूर, उंचावरच्या झाडीतली. माशांवर जगणाऱ्या माणसांना!

मग त्यांनी ऐकलं का? एक गोष्ट त्यांना त्या मोडक्या बोलीतसुद्धा कळली होती, किंवा कळली असं त्यांनी धरलं होतं. ती म्हणजे तिसरं कलम. त्याचा आशय असा, की आपल्या नेहमीच्या आणि सवयीच्या सगळ्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क या इंडियनांकडे राखलेला आहे, टेरिटरीतल्या सर्व नागरिकांसह, सामाईकपणे. स्टीव्हन्सने अशीच कलमं पुढच्या तहांतही घातली. १८५५ च्या जानेवारीत त्याने पॉइंट एलियट, पॉइंट नो पॉइंट, नीआ बे असे एकामागून एक तह उरकले. हे कलम त्याने उदारपणे घातलं असं समजू नका. त्याचा हिशेब सरळ होता. हे लोक मासे धरत राहिले तर सरकारला त्यांना पोसावं लागणार नाही. शिवाय तेव्हा गोऱ्या वस्तीलाही मासा हेच लोक पुरवत होते. आणि नद्या सॅमनने इतक्या भरलेल्या असायच्या, की मासा कधी संपेल असं तिथे बसलेल्या कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

'सामाईक' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. इंग्रजी मजकुरात तीन शब्द आहेत, 'इन कॉमन विथ'. आपल्यापैकी ज्यांची कोकणात घरं आहेत त्यांना सामाईक म्हणजे काय हे सांगायला नको. सामाईक विहीर, सामाईक पाणंद, सामाईक आंबा. (हशा) हसताय, म्हणजे कोर्टात जाऊन आलेले दिसताय. सामाईक आंब्याचा अर्थ काय होतो? कुणीही यावं, चढावं, ज्याला जेवढे मिळतील तेवढे न्यावेत? की दोन भाऊ आहेत, म्हणून आंबे अर्धे अर्धे? या एका प्रश्नावर पुढची १२० वर्षं गेली.

मधला काळ भराभर सांगतो. मिळालेली जागा मान्य नसल्याने वर्षभरात युद्ध झालं. निस्क्वालींचा पुढारी लेशाय. त्याने तहावर खूण केली की ती दुसऱ्याच कुणी त्याच्या नावापुढे केली, यावर आजही वाद आहे. त्याच्यावर खुनाचा खटला भरला, पहिल्यांदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्यांदा दोषी ठरवला आणि १९ फेब्रुवारी १८५८ ला फाशी दिलं. सैन्याचं म्हणणं होतं की हा युद्धातला शत्रू आहे, खुनी नव्हे, आणि त्यांनी आपल्या हद्दीत फाशी होऊ दिली नाही. २००४ मध्ये एका विशेष ऐतिहासिक न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. फाशीला १४६ वर्षं झाल्यावर. पण युद्धाने एक मिळवलं. निस्क्वालींना नदीकाठची, मोठी, सुमारे ४,७०० एकरांची जागा मिळाली. १९१७ मध्ये त्यातली दोनतृतीयांश, ३,३०० एकर, लष्करी छावणीसाठी काढून घेतली. महायुद्ध होतं, कारण विचारायची सोय नव्हती.

तिकडे पाण्यात काय चाललं होतं? १८६६ मध्ये कोलंबिया नदीवर सॅमन डबाबंद करण्याचा पहिला कारखाना निघाला, १८७७ मध्ये प्युजेट साउंडवर. आणि मासा हा जिन्नस बदलला. तोवर तो वाळवून, धुरावून ठेवायचा, देवाणघेवाणीचा, पण आसपासचाच माल होता. डब्यात गेल्यावर तो लंडनला जायला लागला. मग समुद्रात खांब रोवून मोठमोठे सापळे, मग मोटरबोटी, मग पर्स सीन. सापळे १९३४ मध्ये मतदारांनीच बंद पाडले, पण बोटी वाढतच गेल्या.

आता या भांडणाचा भूगोल समजून घ्या, तो समजला की सगळं समजतं. सॅमन खोल समुद्रातून येतो. त्याला पहिल्यांदा गाठतात बाहेरच्या समुद्रातल्या बोटी. तिथून निसटला तर सामुद्रधुनीत पर्स सीनवाले. मग साउंडमध्ये गिलनेटवाले. मग गळवाले हौशी. आणि सगळ्यांत शेवटी नदी, जिथे निस्क्वाली, पुयालप हे लोक शेकडो वर्षं उभे आहेत, त्यांच्या नेहमीच्या आणि सवयीच्या ठिकाणी. आपल्याकडे कालव्याच्या टेलचा शेतकरी असतो ना, तसे हे. वरच्यांनी पाणी उचललं की टेलला चिखल. त्यात पुन्हा राज्य सरकार म्हणणार, की अंडी घालायला अमुक इतके मासे वर गेलेच पाहिजेत, नाहीतर जात संपेल. बरोबर आहे. पण तो हिशेब लावायची वेळ येते कुठे? नदीत. म्हणजे समुद्रात हवे तेवढे धरून झाल्यावर संवर्धनाचा भार शेवटच्या माणसावर. नदीतली जाळी बेकायदा. तुम्ही संवर्धनाच्या आड येताय.

कोर्टं गप्प होती असंही नाही. १९०५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनान्स खटल्यात एक फार मोठी गोष्ट सांगितली होती. विनान्स बंधूंनी कोलंबियाकाठची जमीन घेऊन, सरकारी परवान्यावर मासे उपसणारी चाकं बसवली होती आणि याकामा लोकांना वाट बंद केली होती. न्यायालय म्हणालं, तहातून या लोकांना काही देण्यात आलेलं नाही. देणारे ते आहेत. त्यांनी जमीन दिली आणि मासेमारी स्वतःकडे ठेवली. मी घर विकलं आणि परसातल्या विहिरीचा हक्क राखून ठेवला, तर विहीर मला नव्या मालकाने दिली असं होत नाही. पण १९४२ च्या निकालात त्याच न्यायालयाने परवाना फी घेता येणार नाही असं म्हणताना, संवर्धनासाठी आवश्यक तेवढं नियमन राज्य करू शकतं, अशी फट ठेवली. राज्याने त्या फटीतून बैलगाडी नेली.

१९४५ मधला डिसेंबर. निस्क्वालीवर पहाटेच्या अंधारात एक १४ वर्षांचा मुलगा जाळ्यातून मासे काढत होता. दोन वॉर्डनांनी टॉर्च मारले, तो पळाला, त्याला धरला. तो ओरडून एवढंच सांगत होता, की मला सोडा, मी इथंच राहतो. त्याचं नाव बिली फ्रँक. वडील विली फ्रँक यांची जमीन त्या लष्करी छावणीत गेलेली, म्हणून त्यांनी नदीकाठी सहा एकर विकत घेतले होते. त्याला फ्रँक्स लँडिंग म्हणतात. बिलीला पुढे पन्नासहून जास्त वेळा अटक झाली. मधे तो अमेरिकेच्या मरीन दलात नोकरीही करून आला. देशाचा गणवेश उतरवायचा आणि आपल्या नदीत जाळं टाकल्याबद्दल देशाच्या तुरुंगात जायचं.

साठच्या दशकात हा सत्याग्रह झाला. मी शब्द ओढूनताणून लावत नाही. दक्षिणेत काळे लोक हॉटेलांत जाऊन बसत होते, त्याला सिट-इन म्हणायचे. इथल्या लोकांनी त्यावरून 'फिश-इन' काढलं. उघडपणे, वेळ सांगून, जाळं टाकायचं आणि अटक करून घ्यायची. मीठ उचलण्यासारखंच. २ मार्च १९६४ ला पुयालप नदीवर मार्लन ब्रँडो आला, होडीत बसला, त्याला अटक झाली आणि लगेच सोडूनही दिलं. पत्रकार आले, फोटो छापून आले. ब्रँडो गेल्यावर पत्रकारही गेले, आणि नदीवर पुन्हा तेच वॉर्डन आणि तेच लोक. १३ ऑक्टोबर १९६५ ला फ्रँक्स लँडिंगवर वॉर्डनांच्या बोटी आल्या, होडीत लहान मुलं होती, काठावर बायका. दगड, वल्ही, लाठ्या. जाळी जप्त, होड्या जप्त, मोटरी जप्त. गरीब माणसाची दोनशे डॉलरची मोटर गेली की तो हंगाम गेला. त्या बायकांविषयी मुद्दाम सांगतो, कारण पुस्तकांत पुरुषांचीच नावं पुढे येतात. नवरे तुरुंगात असताना जाळी त्यांनी टाकली आणि त्याही आत गेल्या. बिलीची बहीण मेझेल ब्रिजेस आणि तिच्या मुली यांच्याशिवाय हे आंदोलन तगलंच नसतं.

९ सप्टेंबर १९७० ला पुयालप नदीकाठच्या छावणीवर पोलिसांनी धाड घातली. अश्रुधूर, साठेक जणांना अटक. त्या गर्दीत एक माणूस नुसता बघायला आलेला होता, स्टॅन पिटकिन, केंद्र सरकारचा त्या भागातला मुख्य वकील. धूर त्याच्याही नाकातोंडात गेला. नऊ दिवसांनी त्याच्या कचेरीतून दावा दाखल झाला, 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध वॉशिंग्टन'. जमातींच्या वतीने केंद्र सरकारच राज्यावर कोर्टात गेलं. तह केंद्राने केलेला, तेव्हा तो पाळून घेण्याची जबाबदारीही केंद्राची, हा मुद्दा. दावा नुसत्या अश्रुधुरामुळे झाला असं मी म्हणणार नाही, तयारी आधीपासून होती. पण वकिलालाही कधीतरी धूर लागावा लागतो. (हशा)

खटला आला न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांच्यापुढे. आयझेनहॉवरने १९५३ मध्ये नेमलेला, जुन्या वळणाचा. १९७० मध्येच व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातल्या तरुणांना त्याने कोर्टाच्या बेअदबीसाठी तुरुंगात घातलं होतं. जमातींची मंडळी धास्तावली असतील तर नवल नाही. सुनावणी ऑगस्ट १९७३ मध्ये सुरू झाली. सुमारे पन्नास साक्षीदार. जमातींचे वृद्ध साक्षीला आले. मानववंशशास्त्रज्ञ बार्बरा लेन यांनी तहाच्या वेळी कोण कुठे मासे धरत होतं, कशाने धरत होतं, चिनूक जार्गनमध्ये काय सांगता येतं आणि काय येत नाही, हे एकेक करून मांडलं. त्यातून एक फार महत्त्वाचं कळलं. हे लोक आधीपासूनच मासळीचा व्यापार करत होते. घरापुरता मासा, हा राज्याने लावलेला अर्थ होता. तहात तसं काही नव्हतं.

आणि मग 'इन कॉमन विथ'. राज्याचं म्हणणं, तुम्हाला बाकी नागरिकांएवढाच हक्क; म्हणून बाकी नागरिकांना जे नियम तेच तुम्हाला. आमच्या शेजारच्या गळवाल्याचं म्हणणं हेच होतं, आणि ऐकायला ते अगदी न्याय्य वाटतं. पण थांबा. बाकी नागरिकांएवढाच हक्क तर नागरिक म्हणून मिळालाच असता. त्यासाठी २२ लाख एकर कशाला द्यायचे? बोल्टने तहाच्या काळाचा शब्दकोश काढला, १८२८ चा वेबस्टर. त्या काळी या शब्दांचा अर्थ काय होता ते पाहिलं. आणि दुसरं तत्त्व लावलं, की तहाचा अर्थ ज्यांनी तो इंग्रजीत लिहिला त्यांना काय वाटलं यावर लावायचा नाही, ज्यांच्याकडून खूण करून घेतली त्यांना काय कळलं यावर लावायचा.

१२ फेब्रुवारी १९७४, लिंकनचा जन्मदिवस, त्या दिवशी निकाल आला. २०३ पानांचा. आधी अंडी घालायला लागतील तेवढे मासे बाजूला काढा. उरलेल्यांतले अर्ध्यापर्यंत तहातल्या जमातींना मिळायला हवेत, अर्धे बाकी सगळ्यांना. आणि आपल्या लोकांच्या मासेमारीचे नियम जमाती स्वतः करतील. तोवर त्यांच्या वाट्याला येत होते पाच टक्क्यांहून कमी.

काय झालं असेल कल्पना करा. बोल्टचा पुतळा फाशी दिला. त्याच्याविरुद्ध गाड्यांवर स्टिकर लागले. राज्य सरकार नियम काढेना, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं की असे नियम करायचा मत्स्य खात्याला अधिकारच नाही, तेव्हा बोल्टने मासेमारीचं व्यवस्थापन स्वतःच्या हातात घेतलं. एका न्यायाधीशाने ठरवायचं की उद्या कोणत्या खाडीत कुणी जाळं टाकायचं! बोटवाले उघडपणे हुकूम मोडून रात्री मासे धरत होते.

इथे मला थोडं थांबायचंय. आपल्याला कथा सांगताना एक बाजू खलनायक लागते. पण साउंडवरचे ते गिलनेटवाले कोण होते? त्यांच्यात नॉर्वेहून, क्रोएशियाहून आलेल्या कुटुंबांची तिसरी पिढी होती. कर्ज काढून बोट घेतलेली. राज्याने परवाने देताना त्यांना कधी सांगितलं नव्हतं, की अर्धा मासा दुसऱ्याचा आहे. त्यांच्या हंगामाचे दिवस एकदम घटले. पुढे केंद्र सरकारने बोटी आणि परवाने विकत घेण्याची योजना काढली, कित्येक जण धंद्यातून बाहेर पडले. त्यांचा राग खोटा नव्हता. तो चुकीच्या दारावर गेला, एवढं माझं मत. मासे वाटून झाल्यावर ते परवाने वाटणाऱ्याच्या दारात जायला हवा होता.

२ जुलै १९७९ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी बोल्टचा निकाल मुख्यत्वे कायम केला. थोडे बदल केले. अर्धा वाटा ही कमाल मर्यादा, आणि जमातींना माफक चांगलं जगायला लागेल त्याहून जास्त नाही. पण मूळ मुद्दा तोच. न्यायालयाच्या म्हणण्याचं सार असं, की पाण्यात जाळं बुडवायची मुभा म्हणजे मासे धरण्याचा हक्क नव्हे. जाळ्यात मासा यायला हवा.

त्याच वर्षी मार्चमध्ये बोल्टने आणखी एक निकाल दिला होता, तो कमी सांगितला जातो. ड्यूवामिश, स्नोक्वाल्मी, सामिश अशा पाच जमातींना त्याने तहाच्या वाट्यातून वगळलं. आज त्या तहकालीन जमातींच्या वारस म्हणून टिकून नाहीत, या कारणावरून. ज्या सरदाराच्या नावावरून सिएटल शहराचं नाव पडलं, त्याने १८५५ च्या तहावर ड्यूवामिशांच्याही वतीने खूण केली होती. शहराला नाव आहे, जमातीला मासा नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो त्याने विचारलाच नव्हता. अर्धे मासे, ठीक. कशाचे अर्धे?

निकालानंतर जमातींनी जीवशास्त्रज्ञ नेमले, हॅचऱ्या काढल्या. निस्क्वालींची एक हॅचरी १९१७ ची ती लष्करी छावणी आहे ना, तिच्याच हद्दीत आहे. बिली फ्रँक आता तुरुंगाऐवजी बैठकांना जायला लागला. जमातींच्या मत्स्य आयोगाचा तो तीसेक वर्षं अध्यक्ष होता. ज्या खात्याने त्याला पन्नास वेळा धरलं, त्यांच्याशीच टेबलावर बसून दर वर्षी हंगाम ठरवायचा. २०१४ मध्ये तो गेला. पण मासा कमी होत होता. जंगलं तुटली, किनारे बांधले, धरणं झाली. १९९९ मध्ये प्युजेट साउंडचा चिनूक सॅमन धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला. शून्याचा अर्धा शून्यच.

म्हणून २००१ मध्ये जमाती पुन्हा कोर्टात गेल्या. या वेळी कशासाठी? मोऱ्यांसाठी! रस्ता ओढ्यावरून जातो तिथे खालून पाइप टाकतात, ती मोरी. आपल्याकडे गावोगाव असते. पावसाने पाइपाच्या तोंडाखालची माती वाहून जाते, पाइप अधांतरी राहतो, पाणी वरून धबधब्यासारखं पडतं. पाण्याचं काही अडत नाही. मासा मात्र वर चढू शकत नाही. तो खाली धडका देतो आणि तिथेच संपतो. वर मैलोन्‌मैल चांगला ओढा रिकामा. अशा शेकडो मोऱ्या राज्याच्या रस्त्यांखाली होत्या. जमाती म्हणाल्या, तुम्ही आमचा मासा जाळ्याने नाही, पाइपाने घेताय. राज्याच्या वतीने वरच्या कोर्टात युक्तिवाद झाला तो असा, की साउंडला मिळणारा सॅमनचा प्रत्येक ओढा आम्ही अडवला तरी तहाचा भंग होत नाही. शब्दशः पाहिलं तर तहात मोरीचा उल्लेख नाही, हे खरंच आहे.

२०१३ मध्ये कोर्टाने मोऱ्या बदलायचा हुकूम दिला, मुदत घातली. सर्वोच्च न्यायालयात ११ जून २०१८ ला चार विरुद्ध चार. नववे न्यायाधीश केनेडी यांनी या प्रकरणाशी पूर्वी संबंध आला म्हणून अंग काढून घेतलं होतं. समसमान मतं पडली की खालचा निकाल राहतो. तो राहिला. अब्जावधी डॉलरचा खर्च आहे आणि काम अजून चालू आहे. निस्क्वालीच्या मुखापाशी, जिथे तह झाला त्या परिसरात, शंभर वर्षांपूर्वी शेतीसाठी घातलेला बांध होता, आपल्या खारलँडच्या बांधासारखा. तो २००९ मध्ये मुद्दाम काढला. भरतीचं पाणी पुन्हा आत येतं. सॅमनची पिल्लं समुद्रात जाण्याआधी अशाच खारट-गोड पाण्यात काही दिवस काढतात, त्यांना जागा झाली.

त्या शनिवारी आम्ही घरी निघालो तेव्हा हमरस्त्यावर ही गर्दी. चारातल्या दोन लेन बंद, नारिंगी शंकू, खाली खणलेलं. गाड्या मुंगीच्या पावलांनी. भाचा वैतागला होता, वीस मिनिटं एकाच जागी. शेजारी पाटी होती, 'फिश पॅसेज'. मी विचारलं हे काय, तर तो म्हणाला, "काही नाही मामा, रस्त्याखालचा पाइप काढून पूल बांधतायत. माशांसाठी. दर वर्षी कुठेतरी चालूच असतं." आणि त्याने हॉर्न वाजवला.

मी थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.